ग्रहणाला जाताना लागलेली गावं

2024 ची सोमवती अमावास्या 8 एप्रिलला आली. त्याच दिवशी खग्रास सूर्यग्रहण आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. ग्रहण भारतात दिसणार नव्हतं, पण आमच्या नॅशव्हिलपासून तीन-साडेतीन तासांवर, दक्षिण इलिनॉयमध्ये, ते चार मिनिटांहून जास्त टिकणार होतं. लेकीनं ग्रहणाचे चष्मे महिनाभर आधीच आणवून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवले होते. औशाहून आईचा फोन आला, "गिराण लागल्यावर माणसं घरात बसतेत, अन् तुम्ही गाडी घेऊन त्याच्या मागं निघालाव?"

सरळ जायचं तर आय-24 महामार्ग धरून पडूकामार्गे एका दमात पोचता येतं. मी मुद्दाम वाकडी वाट धरली. शनिवारी निघायचं आणि पश्चिम केंटकीतली तीन गावं करत सोमवारी ग्रहणाला पोचायचं. बायकोनं नकाशा बघितला आणि म्हणाली, "म्हणजे तू ती रात्र बघायला चाललायस." खरंच होतं ते.

ती रात्र 10 डिसेंबर 2021 ची. आम्ही तिघं बाथरूमच्या टबात बसलो होतो. अंगावर गादी, लेकीच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट आणि दोन्ही फोन एकदमच कर्कश ओरडत होते. डिसेंबर असून दिवसभर टी-शर्टवर फिरण्याइतकं उकडत होतं. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा वर सरकली होती आणि पश्चिमेकडून थंड हवेची फळी चालून येत होती. आमच्यावरचं टळलं. सकाळी कळलं की उत्तरेला केंटकीत गावांचे तुकडेच्या तुकडे राहिले नव्हते. टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यात एका टोर्नेडोनं जमिनीला पाय टेकले, ते जवळजवळ तीन तासांनी, 165 मैलांवर उचलले. पुण्यातून निघून सोलापूर ओलांडावं, एवढं अंतर. त्या एकट्यानं 57 जीव घेतले. त्याच रात्री बोलिंग ग्रीनमध्ये दुसरा आला, तो वेगळाच.

आईला हे फोनवर सांगताना मी 'वावटळ' म्हणालो होतो. आमच्याकडची वावटळ पाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या फिरवते, फार तर वाळवणातल्या कुरडया नेते. "वावटळीनं घरं पडतेत व्हय?" तिनं विचारलं. चक्रीवादळ म्हणावं तर ते समुद्रावरचं, चार दिवस आधी वर्दी देऊन येणारं. म्हणून पुढे टोर्नेडोच म्हणतो.

आणखी एक. किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी मी तिसरीत होतो. आमचं घर तडकलं, पडलं नाही. मामाचं पडलं. त्यामुळे पडलेली गावं मी जरा निराळ्या डोळ्यांनी बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

शनिवार, 6 एप्रिल

बोलिंग ग्रीनला तासाभरात पोचलो. लेकीचा हट्ट कार्व्हेट गाड्यांच्या संग्रहालयाचा. तिथे 2014 च्या फेब्रुवारीत जमिनीलाच भगदाड पडून आठ गाड्या आत गेल्या होत्या. खाली चुनखडीचा खडक आणि त्यात गुहाच गुहा. सात वर्षांनी त्याच शहरावर वरून टोर्नेडो. बायको म्हणाली, "ह्या गावानं कुणाचं काय घोडं मारलंय?"

इथला टोर्नेडो रात्री एकनंतर आला, लोक गाढ झोपेत असताना. एका वसाहतीतल्या एकाच रस्त्यावर मुलाबाळांसकट बरीच माणसं गेली. त्या रस्त्यावर मी गाडी घातली नाही. तिथे आता लोक राहतात, खिडकीतून बघे दिसले तर त्यांना काय वाटेल. त्याऐवजी एका बॉस्नियन कॉफीच्या दुकानात बसलो. नव्वदच्या दशकात युद्धातून सुटून आलेली हजारो बॉस्नियन माणसं ह्या शहरात वसली आहेत. तांब्याच्या लांब दांडीच्या भांड्यात कॉफी आली, सोबत साखरेचे खडे. दुकानदार साठीचा. मी वादळाचा विषय काढला तर आधी खांदे उडवले, मग म्हणाला, "तिकडे सायरन वाजला की तळघर. पायच तिकडे वळायचे. इथे सायरन वाजला आणि मी उठून उभा राहिलो. ह्या घराला तळघरच नाही."

ह्या भागात बऱ्याच घरांना ते नसतं. म्हणून टब, गादी, हेल्मेट.

दुपारी डॉसन स्प्रिंग्स. लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. शंभर वर्षांपूर्वी इथे खनिज पाण्याचे झरे होते आणि ते पाणी प्यायला आगगाड्या भरून लोक यायचे, हॉटेलं होती. केंटकीचे गव्हर्नर अँडी बेशियर यांच्या वडिलांचं हे गाव. वडीलही गव्हर्नर होते. त्यामुळे त्या डिसेंबरात ह्या खेड्याचं नाव देशभर गेलं. निम्म्याहून बरंच जास्त गाव मोडलं होतं.

गावात शिरलो आणि पहिल्यांदा कळेचना की मोडलंय काय. रस्ते स्वच्छ, गवत कापलेलं, मधूनमधून नवी कोरी घरं. मग लेक म्हणाली, "बाबा, ह्या पायऱ्या कुठे जातात?"

सिमेंटच्या तीन पायऱ्या. कडेला लोखंडी कठडा, काळ्या रंगाचा, हात लागून लागून वरचा रंग गेलेला. पायऱ्या चढल्यावर पुढे काही नाही, गवत. आपण ज्याला जोतं म्हणतो तेवढं उरलेलं, तेही जागोजागी काढून टाकलेलं. पण घर कुठवर होतं ते अगदी नेमकं कळत होतं, कारण डॅफोडिलची रांग होती. कुणीतरी कधीतरी भिंतीच्या कडेकडेनं कंद लावले असणार. भिंत गेली, कंद जमिनीत राहिले, आणि आता तिसरा वसंत ते चौकोन आखून फुलत होते. एका कोपऱ्यात रांग आत वळली होती. तिथे स्वयंपाकघराचं दार असावं, असं बायको म्हणाली. मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो. जुन्या किल्लारीत तुळशीवृंदावनं अशीच एकटी उभी असायची.

झाडं बघवत नाहीत. फांद्या ओरबाडलेले उंच बुंधे, आणि त्या बुंध्यांनाच थेट पालवी फुटलेली. बाटली घासायच्या ब्रशसारखं दिसतं.

पुढच्या गल्लीत एका घरावर छप्पर चढत होतं. माणसं मेनोनाइट, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाची, दाढीवाली, स्वतःचा वेळ देऊन आलेली. ह्या पंथाच्या लोकांचं हे कामच आहे, आपत्ती झाली की मिस्त्री, सुतार घेऊन जायचं आणि टीव्हीवाले गेल्यानंतरही राहायचं. एकानं मला बोलावून एक वस्तू हातात दिली. जस्ताचा मुलामा दिलेली वाकवलेली पट्टी, तळहाताएवढी, भोकंच भोकं असलेली. छपराचा वासा आणि भिंत यांना ही जखडून ठेवते. "वारा घर ढकलून पाडतो असं वाटतं लोकांना," तो म्हणाला. "तसं नाही. तो आधी टोपी उडवतो. टोपी गेली की भिंती आपोआप आडव्या." काही डॉलरची पट्टी. आमच्याकडे भूकंपानंतर भिंतीत खिडकीच्या वरच्या पातळीला सिमेंटचा पट्टा फिरवायला शिकवलं होतं, त्याची आठवण झाली. शहाणपण नेहमी असं स्वस्तातलं असतं आणि एक वर्ष उशिरा येतं.

पेट्रोल भरायचं होतं. ओसरीवर बसलेल्या एका आजोबांना पंप विचारला. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, टोपी, आवाज घोगरा. ते म्हणाले, "सरळ जा. जिथे अपार्टमेंट होते तिथून डावीकडे. मग जिथे आमचं चर्च होतं, त्याच्या समोरून खाली."

मी हसलो आणि लगेच ओशाळलो. त्यांच्याही लक्षात आलं. "तुम्ही बाहेरचे," ते म्हणाले आणि बोटानं दिशा दाखवली.

माझा मामा असाच पत्ता सांगायचा. नवं किल्लारी वसून दहा वर्षं झाली तरी 'पाटलाच्या वाड्यामागं' म्हणायचा. वाडा जुन्या गावात मातीखाली, आणि मामा नव्या गावातल्या सरळ आखलेल्या रस्त्यावर उभा राहून हे सांगायचा.

आजोबांशी पाऊण तास बोललो. समोरच्या मोकळ्या जागा दाखवत ते सांगत होते. ही शिक्षिकेची, विमा होता, बांधलं, ते बघा निळं घर. ही एका म्हातारीची, तिला संस्थेनं बांधून दिलं. ह्या तीन एकाच मालकाच्या, भाड्यानं दिलेल्या. मालकाला विम्याचे पैसे मिळाले, त्यानं बांधलं नाही.

"आणि भाडेकरू?"

"त्यांचं माहीत नाही," ते म्हणाले. "दोन पोरं होती, माझ्या नातवाबरोबर शाळेत जायची. आधी राज्याच्या पार्कातल्या लॉजमध्ये ठेवलं होतं त्यांना. मग मोटेल. मग माहीत नाही."

हे मी त्या तीन दिवसांत निरनिराळ्या तोंडून ऐकलं. गव्हर्नरांनी उभारलेल्या मदतनिधीत पाच कोटी डॉलरच्या वर लोकांनी दिले. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीसारख्या संस्थांनी घरं बांधली, भाडेकरूंनाही स्वतःचं घर मिळावं म्हणून खटपट झाली. हे सगळं खरं आणि चांगलं. तरी ज्याच्या नावावर जमीन, त्याच्याकडे परत येण्याचा धागा असतो. बाकीच्याला तो मुद्दाम वळावा लागतो. आमच्याकडे काय वेगळं झालं होतं? पुनर्वसनात घर केवढं मिळणार ते जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला 750. वादळाला किंवा भूकंपाला सातबारा वाचता येत नाही, मदतीला मात्र येतो.

निघताना आजोबांनी फोटोची गोष्ट सांगितली. ती मी तेव्हा बातम्यांत वाचली होती, पण त्या गावात उभं राहून ऐकणं निराळं. वादळाच्या दुसऱ्या सकाळी इंडियानात, न्यू ऑल्बनीला, एका बाईला आपल्या गाडीच्या काचेवर कागद चिकटलेला दिसला. पार्किंगची पावती असेल म्हणून बघितलं तर जुना कृष्णधवल फोटो. पट्ट्यापट्ट्यांचा झगा घातलेली बाई, मांडीवर मूल, मागे दोन नावं आणि 1942. तिनं फेसबुकवर टाकला. फोटो डॉसन स्प्रिंग्सच्या एका कुटुंबाचा निघाला, जवळजवळ 130 मैल उडत गेलेला. मग अशा सापडलेल्या वस्तूंसाठी एक ग्रुपच निघाला. चेक, बायबलची पानं, लग्नाचे फोटो. "घर इथे पडलं," आजोबा म्हणाले, "पण पडलं किती लांबवर, ते बघा."

मुक्काम मॅडिसनव्हिलला. मोटेलचे मालक नवसारीकडचे काका. ग्रहणामुळे सगळीकडे भाव तिप्पट झालेले, आमचं आधीचं बुकिंग होतं म्हणून वाचलो. काउंटरमागे लक्ष्मीचा फोटो, अगरबत्ती, आणि शेजारी एका गोऱ्या मुलीनं काढलेलं चित्र, त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत 'थँक यू'. काका म्हणाले, "भाई, पाँच महिना ये रूम में रही वो बच्ची। माँ-बाप, दो कुत्ते. कुत्ता अलाउड नहीं है, पर क्या बोलूँ?" मुलीचा वाढदिवस ह्याच लॉबीत झाला. काकूंनी ढोकळा केला होता, मुलांनी तो केक समजून त्यावर मेणबत्त्या लावल्या. नंतर ते कुटुंब कुठे गेलं? काकांनाही माहीत नाही. "चेक आउट किया, बस."

रविवार, 7 एप्रिल

आय-69 नं पश्चिमेला. वाटेत प्रिन्स्टनजवळ युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीचं शेती संशोधन केंद्र लागतं, तेही त्या रात्री जमीनदोस्त झालं होतं. पुढे बार्कली आणि केंटकी ही दोन मोठी सरोवरं. पाणी शांत, होड्या. टोर्नेडो पाण्यावरूनही तसाच गेला. "पाण्यावरून येत नाही", "दोन नद्यांमधल्या गावाला लागत नाही" असल्या समजुती इकडे भरपूर आहेत, आपल्याकडे ग्रामदैवताच्या वेशीच्या असतात तशा.

मेफील्ड हे ग्रेव्हज काउंटीचं मुख्य ठिकाण, दहा हजार वस्ती. तंबाखूचं जुनं गाव. रात्री साडेनऊच्या सुमाराला टोर्नेडो गावाच्या मधोमध घुसला. वाऱ्याचा वेग नंतर पाहणीत 190 मैल ठरला, म्हणजे ताशी 300 किलोमीटरच्या वर. हा वेग कुणी मोजत नाही, मोजणारं यंत्रच उरत नाही. पडलेल्या वस्तूंवरून मागे हिशेब करत जायचा. शिकागो विद्यापीठातल्या फुजिता नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं 1971 मध्ये ही मोजपट्टी बसवली. आता वापरतात ती 2007 ची सुधारलेली. 200 च्या वर गेलं तर पाचवी पायरी. मेफील्ड चौथ्या पायरीवर. एका माणसानं मला हे जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं, जणू काउंटी क्रिकेटमध्ये शतक दहा धावांनी हुकलं.

गावात शिरल्यावर सगळ्यात आधी जाणवतं ते आभाळ. गावाच्या मध्यवर्ती चौकात इतकं आभाळ दिसायला नको. लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं कोर्ट इथे होतं, एकोणिसाव्या शतकातलं. मनोरा त्या रात्री पडला, उरलेली इमारत पुढे पाडावी लागली. भोवतीच्या विटांच्या दुकानांच्या रांगा गेल्या, चौकाजवळची मोठी चर्चं गेली. पाण्याची टाकीही कोसळली, म्हणजे विझवायला पाणी नाही, प्यायला नाही. काही इमारती नव्यानं उभ्या राहिल्यात, ताज्या विटांच्या. त्या मला नव्या दातांसारख्या वाटल्या, मधल्या फटी जास्त लक्षात आणून देणाऱ्या.

रविवार असल्यानं सगळे प्रार्थनेला. रस्ता ओस. एका बाकावर बसून घरून आणलेला मेथीचा ठेपला खाल्ला. समोरच्या फुटपाथवर जुन्या फरशीचा तुकडा शिल्लक होता, काळ्या-पांढऱ्या षटकोनांचा. कुठल्यातरी दुकानाचा उंबरा. लेक त्यावर लंगडी खेळली. तिला थांबवावं का, असं आधी वाटलं. नाही थांबवलं.

मग पाडव्याची खरेदी! हे कसं झालं ते सांगतो. मेफील्डमध्ये मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे लोक बरेच आहेत, कोंबड्यांच्या कारखान्यात आणि शेतावर राबणारे. त्यांचं एक किराणा दुकान उघडं होतं. बायको आत गेली आणि ओरडलीच, "अगं बाई, गूळ!" पिलोन्सियो नावाच्या शंकूच्या आकाराच्या लहान ढेपा. वास थेट गुऱ्हाळाचा. शेजारी कैऱ्या, तिखट लावून खायच्या. कडुनिंबाबरोबर गूळ लागतो हे मी दुकानातल्या बाईला माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये आणि लेकीच्या बऱ्या स्पॅनिशमध्ये समजावलं. नवीन वर्षाला आधी कडू खायचं, हे ऐकून तिनं मान डोलावली, जणू एवढं तरी बरोबर आहे तुमचं.

तिचा मावसभाऊ त्या रात्री मेणबत्त्यांच्या कारखान्यात होता. गावाबाहेरचा तो कारखाना, नाताळची मागणी, म्हणून रात्रपाळी जोरात. 110 माणसं आत होती. इमारत कोसळली, नऊ जण गेले. कामावर सात कैदीही होते, काउंटीच्या तुरुंगातून आणलेले. त्यांच्यावर नेमलेल्या तुरुंग अधिकाऱ्यानं त्यांना आडोशाला ढकललं. कैदी वाचले, तो गेला. काही कामगारांनी नंतर सांगितलं की आम्ही घरी जायचं म्हणत होतो, जाल तर नोकरी जाईल असं सुनावलं गेलं. मालकांनी ते नाकारलं. प्रकरण कोर्टात गेलं. त्यात मी शिरत नाही. त्या बाईनं सांगितलं ते एवढंच, की सायरन सगळ्यांना कळतो, त्यानंतर रेडिओवरचं इंग्रजी कळत नाही. भाऊ ढिगाऱ्याखाली चार तास होता. हातात फोन होता, चालू होता. त्यानं घरी फोन केला नाही, आईला काय सांगायचं ते सुचेना म्हणून.

"आता कुठे असतो?"

"नॉर्थ कॅरोलायना," ती म्हणाली. "इथे घर कुठे आहे? जे आहे त्याचं भाडं बघा."

पुन्हा तेच.

इशारा वेळेत आला होता, हे मुद्दाम लिहायला हवं. पडूकाच्या हवामान कार्यालयानं मेफील्डसाठी सगळ्यात वरच्या दर्जाची टोर्नेडो आणीबाणी आधीच जाहीर केली होती. 1950 पर्यंत अमेरिकी हवामान खात्यात 'टोर्नेडो' हा शब्द अंदाजात वापरायला अडकाठी होती, लोक घाबरतील म्हणून. आज शब्द आहे, उपग्रह आहे, रडार आहे, खिशात ओरडणारा फोन आहे. पण रात्री साडेनऊला पत्र्याच्या विस्तीर्ण शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसानं जायचं कुठे?

मेपलवुड दफनभूमीतली पुतळ्यांची मिरवणूक बघायची राहून गेली. वुल्ड्रिज नावाच्या घोडेव्यापाऱ्यानं स्वतःच्या कबरीभोवती आई, भाऊ, बहिणी, घोडा, कुत्री, हरीण, कोल्हा असे अठरा पुतळे उभे केलेत. पुरलेला तो एकटाच. गाव तिला 'कधीही न हलणारी मिरवणूक' म्हणतं. पुन्हा कधी गेलो तर.

रात्री पडूका. तिथे खोली मिळणं अशक्य होतं, पण मॅडिसनव्हिलच्या काकांच्या साडूचं मोटेल निघालं. नेहमीच्या भावात खोली, वर खिचडी-कढी. जगात कुठेही आपत्ती येवो की ग्रहण लागो, गुजराती माणसाचा साडू तिथे असतोच.

सोमवार, 8 एप्रिल

सकाळी ओहायो नदी ओलांडली. पलीकडच्या मेट्रोपोलिस गावात सुपरमॅनचा मोठा पुतळा आहे, तिथे लेकीचा फोटो. ती म्हणाली, "हा होता ना जवळच, मग तेव्हा का नाही गेला?" मला उत्तर सुचलं नाही. बायको म्हणाली, "त्याला पण सायरन ऐकू आला नसेल."

मर्फीसबरोला मी मुद्दाम जागा धरली होती. ग्रहणाच्या मध्यरेषेजवळ, आणि दुसरंही कारण होतं. 18 मार्च 1925 ला तीन राज्यांतून 219 मैल गेलेला टोर्नेडो ह्या गावावरून गेला. एकूण 695 माणसं मेली, त्यातली 234 एकट्या मर्फीसबरोत. अमेरिकेत एका टोर्नेडोनं एका गावात इतकी माणसं पुन्हा कधी मारली नाहीत. शेजारच्या डी सोटोत शाळेतच 33 मुलं गेली. वेळ दुपारची, शाळा चालू. इशारा शून्य. तो धावतही होता सरासरी ताशी 60 मैलांनी, त्या काळच्या बहुतेक मोटारींपेक्षा जोरात. जगले त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितलं की सोंड अशी दिसलीच नाही, एक काळा ढग जमिनीवर लोळत आला.

नदीकाठच्या बागेत हजारो लोक, खुर्च्या, दुर्बिणी, बार्बेक्यूचा धूर. शेजारी एक आजी बसल्या होत्या, नव्वदीच्या. त्यांचा जन्म वादळानंतरचा, पण घरातली मोजणी वादळापासूनची. आजोळचं घर वादळाआधीचं, ही पिठाची बरणी वादळाआधीची. आमच्या लातूरकडेही माणसाचं वय काढताना 'भूकंपाच्या आधी का नंतर' असंच विचारतात, हे मी सांगितलं. त्यांनी माझा हात थोपटला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे रेड क्रॉसचे तंबू आले होते. तुमच्याकडे?" मी म्हणालो, "पत्रे." त्या म्हणाल्या, "पत्रे तापतात." हो. फार तापायचे.

दोनला एक-दोन मिनिटं कमी असताना उजेड पातळ झाला. सावल्या धारदार झाल्या, गारवा आला, पाखरं झाडात शिरली. मग झाकण बसल्यासारखं झालं. काळ्या चकतीभोवती पांढरे केस, खाली शुक्र लखलखीत. लोक ओरडत होते, लेक माझ्या हाताला नखं रुतवून उभी होती. आजी एकट्याच वर बघत नव्हत्या. त्या नैऋत्येला, नदीपलीकडे बघत होत्या. वादळ तिकडून आलं होतं. सवय असेल, किंवा मान दुखत असेल. मी विचारलं नाही.

चार मिनिटं संपली तेव्हा कोंबडा आरवला, खरंच.

परतीचं काय सांगावं. साडेतीन तासांचा रस्ता, घरी पोचायला रात्रीचे अकरा. गाड्यांचे लाल दिवे क्षितिजापर्यंत. आईचा फोन, "आंघोळ केलाव का?" गाडीत कशी करणार, विचारलं तर म्हणाली, "मग घरी गेल्यावर करा, अन् मगच गुढीच्या काठीला हात लावा."

मंगळवार, 9 एप्रिल

सुट्टी काढलेली होती. पडदा लावायची दांडी, बायकोची हिरवी नऊवारी, तांब्या, देशी दुकानातल्या गाठी. कडुनिंबाची पूड मिळाली होती. तीत मेफील्डची पिलोन्सियोची ढेप किसली. कडू ते कडूच लागलं, गूळ जरा धुरकट. गुढी गॅलरीच्या कठड्याला बांधली. वारा सुटला होता म्हणून मी दोरीचा आणखी एक वेढा दिला. मग आणखी एक.

हे टिपण अर्धवट ठेवून दिलं होतं. 26 मे ला पुन्हा टोर्नेडो आले, पश्चिम केंटकीत, हॉपकिन्स काउंटीत, जवळजवळ त्याच पट्ट्यात. डॉसन स्प्रिंग्सच्या आसपासच्या वस्त्यांत काही घरं अशी पडली जी 2021 नंतर बांधलेली होती. त्या ओसरीवरच्या आजोबांचा नंबर माझ्याकडे नव्हता, पत्ताही त्यांनी सांगितला तसाच होता. मॅडिसनव्हिलच्या मोटेलच्या काकांना व्हॉट्सअ‍ॅप केलं, ठीक आहात ना?

तासाभरानं उत्तर आलं. "सब ठीक, भाई. लाइट नहीं है. रूम फिर से फुल."